चिठ्ठीबाई

चिठ्ठीबाईंचा कुणाच्या शब्दावर विश्वास नसे. "माझी मुलं वाचतात हो," असं एखादी शिक्षिका म्हणाली, की त्या पर्समधून चिठ्ठी काढायच्या. तिच्यावर पुस्तकात नसलेलं एखादं साधं वाक्य असायचं. मुलानं ते वाचलं तर वाचन, नाहीतर पाठांतर, हा त्यांचा न्याय.

ऐंशीच्या दशकात दर शनिवारी दुपारी नौपाड्यातल्या एका शाळेत त्या आम्हा प्राथमिक शिक्षकांना वाचन कसं शिकवायचं ते शिकवायच्या. मी आंबिवलीला नवी लागलेली, आणि माझ्या चौथीचा मला कोण अभिमान. एकदा बाई तिथे आल्या. सुनीता नावाच्या मुलीला त्यांनी चिठ्ठी दिली. 'मामा विहिरीवर गेला.' सुनीतानं शब्दांखालून बोट फिरवत पुस्तकातला पहिला धडा खणखणीत म्हणून दाखवला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

"पोरीचं पाठांतर उत्तम आहे," बाई बाहेर आल्यावर म्हणाल्या. "अक्षरांची ओळख तेवढी कुणी करून दिलेली नाही."

मग अक्षर, त्याचा आवाज, काना, मात्रा, जोडून वाचणं, सगळं त्यांनी माझ्याकडून घोटून घेतलं. सासूनं काढले नसतील इतके दोष माझ्या फळ्यात काढले. दर पंधरवड्याला कोणतं मूल कुठे अडतं याची नोंद मागायच्या. दिवाळीनंतर सुनीतानं नवी चिठ्ठी वाचली. अडखळत, पण वाचली.

त्याच सुमारास बाईंनी वरच्या कार्यालयात खरा अहवाल पाठवला, की चौथीतल्या निम्म्या मुलांना वाचता येत नाही. मुख्याध्यापक मंडळी खवळली. मुलांना येत नाही याचं कुणालाच काही नव्हतं. ते कागदावर आलं, हा गुन्हा. बाई शिक्षकांचा अपमान करतात, असा तक्रारअर्ज शाळाशाळांतून फिरला.

"सगळ्यांनी केल्यात सह्या," आमचे मुख्याध्यापक म्हणाले. "तुमचं कायम व्हायचंय अजून. बघा बुवा."

मी सही केली. बाईंचे वर्ग बंद झाले आणि त्यांना एका कचेरीत जावक टपालावर बसवलं. मी कायम झाले. पुढच्या चौथीनं पुन्हा धडे पाठ केले, आणि मी ते करू दिले.

पुढे नव्वदच्या दशकात नौपाड्यातच औषधांच्या दुकानात त्या भेटल्या. मला राहवेना.

"बाई, त्या अर्जावर माझीही सही होती."

"माहीत आहे. वाचला होतात का?"

"नाही."

खरंच नव्हता वाचला. वाचला असता तर सही करवली नसती, हे मला तेव्हाही कळत होतं, म्हणूनच.

"वाचायला हवा होता," फळ्यावरची चूक दाखवताना बोलायच्या त्याच शांत आवाजात त्या म्हणाल्या. चार शिव्या दिल्या असत्या, तर मी सुटले असते.