गेणभाऊंचा गुप्त लेप

अवसरी बुद्रुकचे गेणभाऊ म्हणजे माझे धाकटे चुलत दीर. शेतकरी म्हणून आळशी आणि वैद्य म्हणून त्याहून आळशी. साऱ्या आयुष्यात औषध एकच. लघवी अडली की ओटीपोटावर त्याचा गरम लेप, जखम झाली की त्याचीच पूड, डोकं दुखलं की त्याचाच धूर. हे आईकडून आलेलं. ती बिचारी या तीन दुखण्यांवर थांबली होती. गेणभाऊंनी त्यात मूळव्याध, मूतखडा आणि पोरांची परीक्षेची भीतीही घातली.

नाव मात्र सांगायचं नाही. नाव फुटलं की गुण जातो, आणि देणाऱ्याचा हात त्याला स्वतःला लागू पडत नाही, हे दोन नियम. अमावास्येला भीमाशंकरच्या रानातून आणतो, म्हणायचे. शिकलेसवरलेलेही ओसरीवर येऊन बसत. लोकांना फसायची भारी हौस.

२००३च्या श्रावणात गेणभाऊंचीच लघवी अडली. पोट तट्ट फुगलेलं. स्वतःचा हात चालत नाही, म्हणजे लेप बायकोनं, सोनीबाईनं करायचा आणि तिला औषध दाखवायचं. दुपारपर्यंत हा माणूस नुसता कण्हत राहिला. मी जीप बोलावते म्हटलं, तर म्हणाले, "वहिनी, दवाखान्यात कुणी बगितलं तर मला कोण इचारील?"

शेवटी कळ सोसेना. सोनीबाईच्या हाती पुडी दिली. तिनं उघडून हुंगली.

"अवं, हे तर मसाल्यातलं दगडफूल. आन् पुडी मंचरच्या कन्हैयालाल वाण्याची."

"हळू बोल."

"रोज कालवणातनं खाताय की. मग अडली कशी?"

शेजारच्या ओसरीपर्यंत ऐकू गेलं. तरी तिनं दगडफूल वाटलं, गरम केलं, बांधलं. थेंब आला नाही. मग मी कुणाला न विचारता जीप बोलावली. मंचरच्या डॉक्टरनं नळी घातली, प्रोस्टेट वाढलेली. वाचले.

घरी आल्यावर ओसरी पुन्हा भरली. वाटलं, आता तरी लाज वाटेल. कमरेला लघवीची पिशवी लावलेले गेणभाऊ सांगत होते, "औषध खरं व्हतं राव. हिनं नाव फोडलं, गुण गेला."

माना डोलल्या. शेजारच्या धर्माजीनं तर विचारलं, "मग आता दुसरं कंचं देनार?"

सोनीबाई चहा घेऊन दारापर्यंत आली होती. कप घेऊन तशीच आत गेली. त्या दिवशी चहा आम्ही दोघींनीच प्यायला.