मधल्या खांबावरची चादर

नेट्टा पेट्रीच्या तोंडी लागू नये, हे किलरेनी गावातल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक होतं. गोल्फ खेळणाऱ्या म्हाताऱ्यांना मात्र ते कधी कळलं नाही. कळलं असतं तरी इलाज नव्हता, कारण तिसऱ्या होलचा झेंडा जिथे रोवलेला असे, त्याच्या मागेच चढावर नेट्टाचे कपडे वाळत घालायचे लोखंडी खांब उभे होते.

हे गोल्फचं मैदान गावाच्या मधोमध, समुद्राच्या अंगाला पसरलेलं. मालकी गावाची. तिथे गोल्फ खेळायचा गावाचा हक्क जितका जुना, तितकाच बायकांचा कपडे वाळवायचा हक्क जुना. एके काळी सोमवारी ते खांब नुसते पांढरेशुभ्र व्हायचे. मग घरोघरी कपडे वाळवायची यंत्रं आली, बायका एकेक करून घरात गेल्या, आणि खांबांपाशी नेट्टा एकटी उरली. तिच्या लेकीनं, शीनानं, तिलाही यंत्र आणून दिलं होतं. नेट्टा त्यात बटाटे ठेवायची.

चेंडू कपड्याला लागला तर खेळणाऱ्यानं पुन्हा मारावा, कपड्याला हात लावू नये, असा मैदानाचा नियम. नेट्टानं त्याला स्वतःचं शेपूट जोडलं होतं: चेंडू तिच्या बादलीत जाणार, आणि माफी मागितल्याशिवाय बाहेर येणार नाही. या नियमाचा सगळ्यात जास्त प्रसाद मिळायचा तो अलेक वेडरबर्नला. जन्मभर गावातली बस चालवलेला गडी, नेट्टाच्याच वर्गातला, आता पेन्शनीत. जुन्या बाबागाडीच्या चाकांवर गोल्फच्या काठ्यांची पिशवी बांधून तो टेकाडावरून धापा टाकत यायचा.

"नेट्टा, चेंडू दे."

"कुठला? माझ्या अभ्र्याला ज्यानं शेण फासलंय तो?"

"चिखल आहे गं तो."

"बस चालवायचास तशीच काठी चालवतोस मेल्या. समोर बाई दिसली की घाल अंगावर."

"तुझ्यासाठी ती बस थांबवून ठेवायचो मी! अख्खी बस शिव्या घालायची मला."

"माफी माग."

"मागितली."

"टोपी काढून."

अलेक टोपी काढायचा. टकलावर वारा लागला की शिंकायचा, आणि चेंडू घेऊन पुटपुटत जायचा.

नेट्टाचा नवरा डॉड, तोही याच गोल्फवाल्यांच्या टोळक्यातला. तो गेल्यापासून कित्येक दिवस असे जायचे की नेट्टाचं दिवसभरातलं एकमेव बोलणं म्हणजे ही भांडणं. पण हे तिला कुणी सांगितलं असतं तर त्याचाही चेंडू बादलीत गेला असता. डॉडच्या नावानं तिनं एक गोष्ट मात्र जपली होती. मोठी पांढरी चादर मधल्याच खांबाशी घालायची. "तिथे वारा चांगला लागतो गं," असं तो लग्नाच्या पहिल्या वर्षापासून सांगायचा. नवऱ्याला बायकोच्या धुण्याची एवढी काळजी, याचं तिला तेव्हाही अप्रूप वाटायचं.

त्या वसंतात कौन्सिलनं जाहीर केलं की मैदान गोल्फसाठी ठेवायचं की नाही, यावर गावाची सभा घ्यायची. खेळणारे कमी झाले होते, गवत कापायचा खर्च मात्र वाढतच होता. गोल्फ बंद करून तिथे सगळ्यांसाठी बाग करावी, असा विचार होता. नेट्टानं लगेच कंबर कसली. शीना लहान असताना तिला घेऊन समुद्रावर जायचं तर चेंडू लागू नये म्हणून मैदानाच्या भिंतीच्या कडेकडेनं, डोकं खाली घालून जावं लागायचं. आता शीनाची दोन पोरं तशीच जात होती. चार म्हाताऱ्यांच्या काठ्यांसाठी अख्ख्या गावाच्या लेकरांनी भिंत घासत का जायचं? हे सभेत खणखणीत सांगायचं तिनं ठरवलं, आणि किटलीला ऐकवून ऐकवून भाषण पाठ केलं. नेट्टा बोलणार म्हटल्यावर गोल्फवाल्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. गोल्फ न खेळता त्या मैदानावर रोज जाणारं माणूस म्हणजे तीच, तिचा शब्द कोण खोडणार?

सभेच्या आदल्या आठवड्यातला सोमवार उजाडला तो स्वच्छ उन्हाचा आणि भरपूर वाऱ्याचा. नेट्टा ओल्या चादरींची टोपली घेऊन स्वयंपाकघरातून निघाली आणि ओल्या फरशीवर घसरली. पायाचा घोटा असा काही वळला की उठताच येईना. फोन बाहेरच्या खोलीत. हाका मारून घसा बसला, पण त्या गल्लीत सकाळी असतं कोण? ती तिथेच पडून राहिली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला खरी भीती वाटली. शीना रविवारी येऊन गेली होती, आता पुढच्या रविवारपर्यंत फिरकणार नव्हती.

बऱ्याच वेळानं दार धडाधडा वाजलं.

"नेट्टा! अगं ए! चादर कुठाय तुझी? दोन चेंडू काटेरी झुडपांत घालवले मी!"

अलेकचा आवाज तिला एवढा गोड कधीच वाटला नव्हता. "आत ये रे गाढवा," ती कशीबशी म्हणाली. "दार उघडंच आहे."

अलेकनं बाकीच्या गोल्फवाल्यांना बोलावलं, सगळ्यांनी मिळून तिला उचललं, आणि हॉस्पिटलात घोट्याला प्लॅस्टर घातलं. दुसऱ्या दिवशी अलेक द्राक्षं घेऊन आला, आणि बोलता बोलता निम्मी स्वतःच खाऊन बसला.

"तुझ्या चादरी आम्ही परत धुऊन वाळत घातल्या," तो म्हणाला.

"चिमटे कोपऱ्यांना लावलेत की कडेला?"

"कोपऱ्यांना."

"ताणून वाट लावली असणार." मग कालपासून डोक्यात घोळत होतं ते तिनं विचारलं. "पण माझ्या चादरीशी तुझ्या चेंडूंचा काय संबंध?"

अलेक चपापला. "म्हणजे? डॉडनं तुला कधी सांगितलं नाही?"

"काय?"

"अगं, टेकाडाच्या अलीकडून तिसरा होल दिसतच नाही. झेंडा नाही, काही नाही. दिसते ती टेकाडावरून डोकावणारी तुझी चादर. तिच्यावर नेम धरला की चेंडू बरोबर झेंड्यापाशी पडतो. दर सोमवारी पेन्शनरांची स्पर्धा तुझ्या चादरीवर चालते. डॉडच म्हणायचा, माझ्या बायकोला मी मधला खांब पढवून ठेवलाय, डोळे मिटून मारा."

नेट्टा खिडकीकडे बघत राहिली. तिथे वारा चांगला लागतो म्हणे! इतकी वर्षं या माणसानं तिला फसवलं होतं, आणि ती त्याच्या मागेही भक्तिभावानं त्याच खांबाशी जात होती. तिला इतकं हसू आलं की घोटा ठणकायला लागला, आणि हसता हसता रडूही आलं. अलेकनं घाईघाईनं उरलेली द्राक्षं तिच्या पुढे सरकवली.

सभेला शीनानं तिला चाकाच्या खुर्चीतून आणलं. सभागृह भरलं होतं. हिला आपण फरशीवरून उचललं, आता ही आपल्या विरुद्ध कशी बोलेल, अशा आशेनं गोल्फवाले पुढच्या रांगेत बसले होते. नेट्टानं त्यांच्याकडे नीट बघून घेतलं.

"या लोकांनी मला उचललं," ती म्हणाली. "उपकार आहेत त्यांचे. पण म्हणून मी खोटं बोलणार नाही. मैदान गावाचं आहे, आणि गावाची पोरं भिंतीच्या कडेनं चालतात. माझी शीना चालली, आता तिची पोरं चालतायत. हे काही बरोबर नाही."

टाळ्या वाजल्या. अलेकनं मान खाली घातली. कौन्सिलच्या मिस कॅल्डर, चांगली मनमिळाऊ तरुण बाई, त्यांनी उत्साहानं बागेचा नकाशा भिंतीवर लावला. झाडं होती, घसरगुंडी होती, सायकलची वाट होती. सगळं छान होतं. लोक पुढे वाकून बघत असताना अलेक उठला.

"बाई, खांब कुठायत?"

"कसले खांब?"

"नेट्टाचे. कपड्यांचे."

मिस कॅल्डर जरा अवघडल्या. बागेत कपडे वाळत घालणं बरं दिसणार नाही, म्हणून खांब काढायचं ठरलं होतं. हे ऐकून नेट्टाचा चेहरा उतरला. खांब जातील हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. पाठ केलेल्या भाषणात त्यावर एक शब्द नव्हता. अख्ख्या गावानं नेट्टाला गप्प झालेली पाहिली ती त्या दिवशीच.

"मग मी सांगतो," अलेक म्हणाला. "नेट्टा म्हणते ते खरं आहे. आम्ही मैदान अडवून बसलोय. रविवार घ्या. रोजची संध्याकाळही घ्या, पोरांना खेळू द्या, आम्ही काठी उचलणार नाही. पण त्या खांबांना हात लावायचा नाही."

पुढच्या रांगेतून कुणीतरी कळवळून ओरडलं, "अरे अलेक, रविवार?" अलेकची बायको गेल्यापासून त्याचा अख्खा रविवार मैदानावरच जायचा, हे सगळ्यांना माहीत होतं. नेट्टालाही.

"रविवार म्हटलं ना," अलेक म्हणाला आणि खाली बसला.

वर्षभर तसं करून बघू, असं ठरलं. पुढचं पुढे.

पहिल्याच रविवारी शीनाची पोरं मैदानाच्या थेट मधून आरडाओरडा करत समुद्राकडे पळाली. नेट्टा कुबड्या घेऊन दारात उभी राहून बघत होती. भिंतीच्या कठड्यावर अलेक रिकाम्या हातांनी बसला होता, हातांचं काय करावं हे न कळल्यासारखा.

"तिथे काय बसलायस भुतासारखा?" ती ओरडली. "सूप झालंय. आत ये. पाय पुसून!"

सोमवारी ऊन होतं. नेट्टानं शीनाला टोपली खांबांपर्यंत आणायला लावली, पण चादर स्वतः घातली, चिमटे कडेला लावून. वारा कुठल्या खांबाशी जास्त लागतो, हे तिनं त्या दिवशी पहिल्यांदाच नीट पाहिलं. शेवटच्या खांबाशी लागत होता. चांगलाच लागत होता. तिनं चादर मधल्या खांबाशीच घातली, हातानं सारखी केली, आणि टेकाडाकडे तोंड करून ओरडली, "मारा रे आता!"