कानामागची चामखीळ

"दोरा कुणी बांधला होता?" मी विचारलं.

शेषरावकाका मान तिरकी करून बसले होते. चिकलठाण्याच्या एका कारखान्यातून रिटायर झालेले फिटर. उत्तर त्यांच्या बायकोनं, मंदाकाकूंनी दिलं.

"मीच, मॅडम. यांच्या मानेवरच्या चामखिळी तशाच पाडल्या. पण ही कानामागची लई चिवट. दोरा टिकंनाच. मग चुना अन् सोडा लावला. आता आग व्हायलीय म्हणतेत."

उस्मानपुऱ्यात माझं स्किन क्लिनिक आहे. दोरा, घोड्याचा केस, अगरबत्तीचा चटका, व्हिनेगर, सगळं करून झाल्यावर लोक येतात. चामखीळ म्हणजे बारीक देठावर लोंबणारी मऊ कातडी. मान, काख, पापणी, कुठंही येते. ती निरुपद्रवी असते. नकोच असेल तर जागा बधिर करून आम्ही ती काही मिनिटांत काढतो. चुना-सोडा मात्र कातडी जाळतो, आणि कुठं थांबायचं ते त्याला कळत नाही.

काकांच्या कानामागची कातडी लालभडक झाली होती. आधी ती स्वच्छ धुतली. मग डर्मोस्कोप लावला. कातडी मोठी करून दाखवणारं हे भिंग.

देठ नव्हताच. बूड रुंद, रंग काळा, कडा मण्यांसारख्या चमकणाऱ्या. दोरा टिकणार कसा? बांधायला तिथं काही नव्हतंच.

"कधीपासून आहे, काका?"

"वरीस झालं असंल. मधी मधी रक्त येतं. उशीला डाग पडतो."

"ते मला घामाचे सांगितले व्हय?" काकू त्यांच्यावर उखडल्या.

"काका, ही चामखीळ वाटत नाही. जखम जरा भरू द्या, मग बायोप्सी करू. छोटा तुकडा काढून तपासायचा."

बायोप्सी हा शब्द ऐकला आणि काकूंनी पदर तोंडाशी धरला. "माझ्या चुन्यानं झालं का हे? खरं सांगा, मॅडम."

"नाही. चुन्यानं भाजलं. गाठ आधीचीच आहे."

रिपोर्टमध्ये बेसल सेल कार्सिनोमा आला. हा कातडीचाच कॅन्सर. पण तो हळू वाढतो आणि शरीरात दुसरीकडं सहसा जात नाही. वेळेत पूर्ण कापून काढला की बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं. दोघांना समोर बसवून मी हे सांगितलं. काकांनी हात कानाकडं नेला.

"ऐकू येईल ना नीट?" त्यांनी विचारलं.

"येईल. कानाच्या आत काही करायचंच नाही."

"मग काढून टाका. खराब पार्ट ठेवून मशीन चालवत नाय आमी."

माझ्या ओळखीच्या प्लास्टिक सर्जननी गाठ काढली. तपासणीत सगळ्या कडा स्वच्छ आल्या, म्हणजे मागं काही उरलं नव्हतं. मी फोन केला तेव्हा काकू आधी रडल्या आणि मग काकांना रागावल्या.

टाके काढायला दोघं आली, तेव्हा त्यांची पुंडलिकनगरची एक शेजारीण सोबत होती. तिच्या पापणीवर मऊ, देठाची चामखीळ होती.

"दोरा घेऊन बसली होती, मॅडम. हात धरून उठवली," काकू म्हणाल्या.

मी भिंगातून पाहिलं. "ही साधी चामखीळ आहे. राहू दिली तरी चालेल."

काकूंचा चेहरा उतरला. "एवढं रिक्षानं आणलं, अन् काहीच नाय निघालं?"

काका मात्र मनापासून हसले.

देठ नसलेली, वाढणारी, रंग बदलणारी किंवा रक्त येणारी गाठ आधी डॉक्टरांना दाखवावी. खरी चामखीळ असेल तर तिला काहीही न लावणं हाच सगळ्यात सुरक्षित घरगुती उपाय. इतक्या वर्षांत तो एकाही पेशंटला आवडलेला नाही.