पोटावरच्या चार खुणा

देवीदासभाऊ बैलबंडीतला वरचा कापूस कधी हातात घेत नसत. बाही खांद्यापर्यंत सारायची, हात थेट तळाशी घालायचा आणि चिमूटभर कापूस बाहेर काढायचा. मग दोन्ही अंगठ्यांत धरून तो हलकेच ताणायचा, धाग्याची लांबी पाहायची आणि प्रत सांगायची. बाभुळगावच्या कापूस खरेदी केंद्रावर ते ग्रेडर होते आणि मी नंबर लावणारी कारकून. बंड्यांची यादी माझ्याकडे, कापसाचा निवाडा त्यांच्याकडे. अकरा हंगाम आम्ही एकाच टिनाच्या छपराखाली काढले.

ती वर्षं वाईट होती. भाव पडलेले, बंड्यांची रांग पार डांबरी रस्त्यापर्यंत, माणसं तीन-तीन दिवस बैलांजवळच. सगळा राग ग्रेडरवर निघायचा. एकदा एकाचा कापूस तळाशी ओला निघाला, तसा तो भाऊंच्या अंगावर धावून आला. "कापूस काय तुह्या बापाचा हाय?"

"माह्या बापाचा असता त तुयापेक्षा जास्त बोललो असतो," भाऊ म्हणाले. "तिकडं पसर, वाळव, अन् घेऊन ये." मग माझ्याकडे वळून, "बाई, याचा नंबर जाऊ देऊ नका."

"यादीतून खोडला की गेला, भाऊ. नियम आहे."

"मंग नियम बी घाला जी थोडा वाळू."

रांगेतली माणसं हसली. तो माणूसही हसला. मी खोडलेला नंबर परत लिहिला.

एका दिवाळीआधी त्यांच्या पोटात कळा सुरू झाल्या. पित्ताशयात खडे होते. यवतमाळला दुर्बिणीतून ऑपरेशन करायचं ठरलं. कागदपत्रं, रक्ताच्या तपासण्या, डबा कोण नेणार, सगळ्याची यादी मी केली, कारण त्यांच्या बायकोला, सुमनवहिनींना, त्यातलं काही सुचत नव्हतं. चौथ्या दिवशी भाऊ घरी आणि पंधराव्या दिवशी केंद्रावर. शर्ट वर करून सगळ्यांना दाखवायचे. "पाहा, चार भोकं. पिशवीच काढून टाकली. आता पित्त बसंन कुठी?" मीही त्या यादीवर आडवी रेघ मारली. झालेल्या कामाकडे मी परत पाहत नाही. त्या सवयीचा मला अभिमान होता.

दोन वर्षं काही झालं नाही. मग ऐन हंगामात त्यांच्या अंगाला खाज सुटू लागली. "कापसाची धूळ हाय, बाई," म्हणायचे आणि वजनकाट्याच्या खांबाला पाठ घासायचे. मधूनच थंडी वाजून ताप यायचा आणि उतरायचा. एका सकाळी उन्हात त्यांचे डोळे पिवळे दिसले.

कावीळ. आमच्याकडे काविळीला माळ असते. जाणता माणूस मुळीच्या तुकड्यांची माळ डोक्यावर ठेवतो. ती हळूहळू सैल होत गळ्यात उतरते, मग छातीवर येते. माळ लांबली म्हणजे कावीळ उतरली, असं समजतात. वहिनींनी ती आणली. माझा माळेवर विश्वास नव्हता, म्हणून मी भाऊंना गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. मोठ्या शहाणपणानं नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "आधी काही आजार, ऑपरेशन?"

भाऊ म्हणाले, "काही नाही जी. ठणठणीत माणूस."

मी शेजारीच उभी होते. ते लपवत नव्हते. पिशवी गेली तेव्हाच तो आजार त्यांच्या लेखी संपला होता. माझ्याही. मी काहीच बोलले नाही. डॉक्टरांनी साध्या काविळीच्या गोळ्या दिल्या, आराम सांगितला. मी घरी येऊन पथ्याची यादी केली: उसाचा रस, बिनतेलाची भाजी, मुळा. वीस दिवस ती काटेकोर पाळली गेली. माळ बेंबीपर्यंत आली. डोळे हळदीसारखे झाले.

ताप उतरेना तेव्हा यवतमाळ गाठलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पोट उघडं केलं आणि चार खुणांवर बोट ठेवलं. "हे कधीचं?"

मी सांगितलं. त्यांनी विचारलं, "हे आधी कुणी सांगितलं नाही?"

पिशवी काढली तिथली पित्ताची नळी आकसत गेली होती. अशी ती महिन्यांनी, वर्षांनीही आकसते, असं त्या म्हणाल्या. पित्त तुंबलं, त्यात जंतू झाले, ते रक्तात गेले. नागपूरला नेऊन, पित्त वाहतं व्हावं म्हणून, आत प्लास्टिकची नळी घातली. उशीर झाला होता.

नागपूरला जाताना गाडीत भाऊंनी माझा चेहरा पाहिला असावा. "बाई, तोंड काहून पाडलं? तुमी बोलल्या असत्या तरी मी नाहीच म्हटलं असतं."

ते तसं म्हणाले नसते, हे मला माहीत आहे. पाचव्या दिवशी ते गेले.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला वहिनी सांगत, "काविळीनं नेलं." मी ऐकत राहिले. महिनाभर मला जेवण गोड लागलं नाही. शेवटी एका दुपारी मी त्यांच्या घरी गेले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं: नळी, चार खुणा, डॉक्टरांचा प्रश्न, माझं गप्प राहणं. मन मोकळं केलं की हलकं होईल, एवढाच माझा हिशेब होता.

वहिनी तूर निवडत होत्या. त्यांचा हात सुपात थांबला.

"म्हंजे ते काविळीनं नाही गेले?"

"नाही. आधी सांगितलं असतं तर कदाचित वाचले असते."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. रडतील, मला बोलतील, हाकलतील, म्हणून मी थांबले.

"ऑपरेशनचं मलेही माहीत होतं ना, ताई," त्या म्हणाल्या. "माळ त मीच बांधून आणली होती."