पामखालच्या न्हाण्या

साहेबांच्या बंगल्यातली ती उंच पामची झाडं चांदबीबीच्या वक्ताची, असं नगरात कुनीबी ठोकून द्यायचं. कुठली चांदबीबी! पीरमहंमद माळी, आमचा पीरचाचा, त्याच्या आज्यानं इंग्रज साहेबाच्या हुकमानं ती रोपं पुन्यावरनं आनली, ठेसनातनं बैलगाडीत घालून. आज्यामागं बापानं वाढवली, बापामागं चाचानं. माझा नवरा गोरक्ष तिथंच शिपाई. आमी समदी बंगल्यामागच्या खोल्यांत ऱ्हायाचो, म्हून मला ठावं.

बहात्तरच्या दुष्काळात बागेचं पानी बंद झालं. टँकर यायचा, मानशी एक घागर. त्यातच प्यायचं, रांधायचं, न्हायचं. गुलाब वाळले, हिरवळ करपली, चाचा हूं का चूं बोलला न्हाई. पन पामच्या झावळ्या पिवळ्या पडल्या तसा दारोदार फिराया लागला. म्हने, "बायांनो, आंघूळ करा, पन पामखाली करा. पानी तुमचंच. वाहून जाईल तेवढं झाडाला."

मी कडाडले, "आमी साहेबाच्या दारात न्हायचं व्हय? लाज सोडली का तुमी?"

दुसऱ्या दिवशी बघते तर एकेका झाडाला गोनपाटाचा आडोसा! आत आळं केलेलं, बसाया दगड मांडलेला. घराघराला एकेक झाड वाटून बी दिलं त्यानं. मग काय करता? साहेबांची जीप आली की आमी आत चिडीचूप, आन् साहेब बिचारे मान खाली घालून जायाचे. हसून हसून आमची पुरेवाट व्हायची.

फाटकाजवळचं पाम चाचानं सोताला ठेवलं. सकीनाचाची, त्याची बायकू, आजारी हुती तवा त्याच झाडाखाली तिची बाज असायची. तिथंच तिनं डोळे मिटले. लेकरूबाळ न्हाई. आमच्या घरात सा मानसं, म्हून आमच्या झाडाला सा जनांची आंघूळ. चाचा एकटा जीव, एका घागरीचा धनी. त्याचंच पाम वाळाया लागलं.

एकदा पाह्यलं, तर नमाजाआधी तो पान्याऐवजी मातीवर हात मारून तोंडावरनं फिरवत हुता. घागरीतलं घोटभर प्यायाला ठेवायचा, बाकी समदं झाडाच्या बुडात. न्हानं तर कवाच सोडलेलं.

"चाचा, अवो, हे काय चाललंय?"

"पानी नसलं की माती चालती गं, आमच्यात सांगितलंय. झाडाला न्हाई चालत."

"पन पानी हाय की तुमच्याकडं!"

"ते सकीनाच्या झाडाचं हाय," म्हनला आन् तोंड फिरवून बसला. 

तशात बंगल्याच्या मुकादमानं, श्रीमंत त्याचं नाव, त्या पामावर चुन्याची फुली मारली. वाळकं झाड कुनाच्या डोक्यात पडलं म्हंजी? उन्हाळा सरायच्या आत शेंड्याला कोंब न्हाई आला तर कुऱ्हाड लावनार, असं त्यानं सांगितलं. मुकादमाचं बी चुकीचं नव्हतं. पन चाचाचं जेवन तुटलं. भाकरी दिली तर कुत्र्याला घालायचा.

मी खोल्या पालथ्या घातल्या. गोजरबाई, बनुबाई, समद्यांना सांगितलं, रोज घरटी एक तांब्या काढा. आधी कुरकुरल्या, मग काढला. सकाळी भरली बादली घिऊन चाचापुढं उभी ऱ्हायले.

"पोरांच्या तोंडचं पानी मी न्हाई घेनार," म्हातारा हटून बसला. लई मिनतवाऱ्या केल्या तवा कुठं बादली उचलली, आन् ती बी थेट झाडाच्या बुडाशी न्यायला लागला!

मी कडीच धरली. "आधी अंगावर, मग झाडाला. आमाला शिकवलंत ते इसरलात? तुमच्या अंगावरनं गेलं तर झाडाचं काय कमी व्हनार हाय?"

"छबू, हात सोड."

"न्हाई सोडत. चाची असती तर असं पारोसं ऱ्हाऊ दिलं असतं का तुमाला?"

मग गुमान आडोशामागं गेला. लई दिसांनी तिकडनं तांब्याचा आवाज आला. मधीच थांबला. म्हातारा आत हुंदके देत हुता. आमी बाया तिथनं हाललो, आपापल्या कामाला लागलो.

तवापासनं रोज त्याला न्हायाला लावलं. कधी गोडीनं, कधी शिव्या देऊन. फुली काय पुसली न्हाई. मुकादम येता-जाता शेंड्याकडं बघायचा, चाचा मातुर वर बघायचंच टाळायचा.

एका सकाळी मी भांडी घाशीत हुते, तर आडोशामागनं केवढी आरोळी! मला वाटलं, इंचू चावला. धावले. चाचा वल्ल्या लुंगीवर भाईर आलेला, अंगावरनं पानी गळतंय, मान वर. शेंड्याच्या मधोमध बोटभर हिरवं टोक दिसत हुतं.

"चाचा, आला की वो कोंब!" मी वरडले.

त्याला माझं ऐकूच गेलं न्हाई. झाडाच्या बुडाशी, बाज असायची त्या जागेकडं वाकून सांगत हुता, "सकीना, उठ, देख. देख ना गं."