सहावी मूठ

नंदुरबार स्टेशनात सुरतकडची गाडी लागली, तेव्हा वडील माझं सामान चढवत होते आणि माय मला दटावत होती. रडणं तिच्या स्वभावातच नाही. "तठे म्हातारासले बरं सांभाळजो. लाज वाटू देऊ नको," ती म्हणाली. लाजेचा विषय निघायला कारण होतं. तापीकाठच्या बागायतदाराचा एकुलता एक मुलगा नर्स झाला आणि इंग्लंडला म्हाताऱ्यांच्या आंघोळी घालायला निघाला, यावर आमच्या गावाची महिनाभर करमणूक झाली होती. तुमच्यापैकी जे तेव्हा हसले, त्यांच्यावर माझा राग नाही. म्हणजे, थोडा आहे.

समुद्रकाठच्या एका छोट्या गावात, केअर होममध्ये, आता मला सहा वर्षं झाली. गावी मी दुपारी उठायचो आणि केळीला पाणी द्यायला सांगितलं की पोट दुखतं म्हणायचो. इथे सकाळी सातला रात्रपाळीकडून हँडओव्हर घेतो, गोळ्यांचे चार्ट भरतो, कोणाची कवळी कुठल्या डबीत हे पाठ असतं. हे वडिलांना सांगितलं तर ते अजूनही खात्री करून घेतात की बोलतोय तो मीच.

गेल्या श्रावणात माय मला भेटायला आली. गावची कानबाई, म्हणजे श्रावणात नारळाच्या रूपात पुजतात ती आमची खानदेशी देवी, काकांनी बसवली, पण मायला ते पुरेना. "मन्हा पोऱ्या जठे, तठे मन्ही कानबाई," म्हणाली. माझी खोली एवढीशी, म्हणून मॅनेजरबाईंनी रविवारी दुपारी होममधला हॉल दिला. मायने नारळाला नथ घातली, डोळे काढले, साडी नेसवली. घरातल्या पुरुषामागे सव्वा मूठ या हिशेबाने गहू मोजून घेतले: वडील, काका, दोन चुलतभाऊ आणि मी. माझ्या मिक्सरने ते दळताना प्राण सोडले नाहीत एवढंच. माणशी एक असे पाच जाड पोळीसारखे रोट भाजून तिने देवीपुढे मांडले.

परगावच्यांसाठी सांगतो, हे रोट भाऊबंदांखेरीज कोणालाही देत नाहीत. सख्ख्या शेजाऱ्यालासुद्धा नाही. आरतीला धुळ्याकडच्या माझ्या दोन सहकारी मुली आल्या होत्या. त्यांच्यासाठी खीर-पुरी वेगळी होती आणि त्यांनीही रोटाकडे पाहिलं नाही. माय लग्न होऊन आली तेव्हापासून हा नियम तिने एकदाही मोडलेला नव्हता.

आरती अर्ध्यावर आली आणि दार उघडून आर्थर आत आला. आर्थर आमच्याकडचा नव्वदीचा रहिवासी. बायको गेल्यापासून त्याने अन्न सोडलं होतं. चार दिवस दोन घोट पाण्यापलीकडे काही नाही. सोमवारी त्याला हॉस्पिटलात हलवायचं ठरलं होतं, आणि तिथून तो परत येईल असं आम्हा कोणालाच वाटत नव्हतं. तो वॉकर ढकलत थेट देवीपुढे गेला, तुपाचा वास घेतला, आणि नैवेद्य दाखवायच्या आधीच एक रोट उचलून तोंडात घातला.

मी जागच्या जागी थिजलो. नर्स म्हणून मला आनंदाने ओरडायचं होतं. मुलगा म्हणून मायकडे बघायची हिंमत होत नव्हती. टाळ्या थांबल्या. धुळ्याकडच्या दोघींपैकी एक त्याच्या हातातून रोट काढून घ्यायला पुढे झाली.

"ऱ्हाऊ दे," माय म्हणाली. आरतीचं ताट तिच्या हातातच होतं. मग मला विचारलं, "हाऊ किती दिननं जेवेल नही?"

"चार दिवस, माय."

तिने ताट खाली ठेवलं. आर्थरला खुर्चीत बसवलं, त्याच्या हातातला रोट घेतला, खिरीच्या दुधात कुस्करला आणि चमच्याने भरवू लागली. गिळायला त्रास होणाऱ्याला कसं भरवावं याचं मी ट्रेनिंग घेतलंय. मायने ते न घेता माझ्याहून नीट केलं. प्रत्येक घासानंतर थांबायची, त्याचा गळा हलला की पुढचा. अर्धा रोट गेला. मग ती उठली, पिशवीतून सव्वा मूठ गहू काढून देवीपुढे ठेवले आणि नारळाकडे पाहून रोखठोक म्हणाली, "बाई, आमना घरमा पाच नही, सहा माणसं शेतस. मन्ही मोजामा चूक व्हयनी."

आणि आरती पहिल्यापासून सुरू केली. माझ्या आईच्या धिटाईचं मला आजवर एवढं कौतुक कधी वाटलं नव्हतं. देवापुढे स्वतःची चूक कबूल करून तिने एका परक्या म्हाताऱ्याला कुळात घेतलं होतं.

आर्थर हॉस्पिटलात गेला नाही. माय परत जाईपर्यंत रोज तिच्या हातचं खायचा, नंतर माझ्या. हिवाळ्यात एका दुपारी तो झोपेतच गेला. मी मायला फोन केला. झोपेतच गेला ना, हे तिने आधी विचारून घेतलं. मग म्हणाली, "मंग आपले सुतक लागनं ना. तू बी डोकावरतून पानी घे. दहा दिन दिवा लावू नको."

मी नाही लावला. घर आता कुठे, असं तुम्ही सगळे मला विचारता, म्हणून हे लिहिलं. वडिलांनी आर्थरला कधी पाहिलंही नव्हतं. त्यांनी गावात दहा दिवस दाढी केली नाही, आणि कोणी विचारलं की सांगायचे, "आमना घरना माणूस गया."