तिच्या चालीनं

“नवरदेव किती किलोचा?”

वरातीसाठी घोडी ठरवायला कुणीही आलं की त्या घोडीवाल्यांचा पहिला प्रश्न हा. लग्न कधी, वरात कुठून, हे सगळं नंतर. आकडा पंच्याहत्तरच्या वर गेला की ते हात जोडत, “मंग नवरदेवाले जीपच शोभते, भाऊ.” सिंदेवाहीकडच्या एखाद्या वरातीत तुम्ही त्यांना पाहिलंही असेल. लाल फेटा, झिजलेले बूट, आणि पांढऱ्या घोडीशेजारी तिच्याइतकेच लंगडत चालणारे.

मी तिथल्याच एका गावी जनावरांच्या दवाखान्यात पर्यवेक्षक होतो. बैल आणि म्हशी यांत आयुष्य गेलेलं. घोडा मला वरातीपुरताच माहीत. घोडी म्हातारी झाली, सकाळी तिचे मागचे पाय लाकडासारखे होतात, असं त्यांनी सांगितलं तेव्हा मी बैलाला सांगतो तेच ठोकून दिलं. पंधरा दिवस बांधून ठेवा, पूर्ण आराम. पंधरा दिवसांनी घोडीला गोठ्याचा उंबरठा ओलांडता येईना. मी ओशाळलो. ते मात्र म्हणाले, “साहेब, तुमचा इलाज बराबर होता. घोडीलेच समजला नाई.”

मग तालुक्याच्या डॉक्टरांनी तपासलं. सांध्यांचा आजार, पुरता बरा होणार नाही, पण रोज सावकाश चालवा, वजन कमी टाका, खाली मऊ ठेवा. तेव्हापासून ते स्वतःच्या चहाआधी तिचे मागचे सांधे चाचपत, गरम कापडानं शेकत आणि तिला धानाच्या बांध्यांच्या कडेनं तलावापर्यंत फिरवून आणत. गोठ्यात राइस मिलचा कोंडा वीतभर पसरलेला, त्यावर तणीस, म्हणजे धानाचा पेंढा. स्वतः मात्र सिमेंटवर सतरंजी टाकून झोपत. मी एकदा टोकलं.

“मले उठवाले बायको हाय,” ते म्हणाले. “तिले कोन उठवन?”

उठता येणार नाही या धास्तीनं घोडी कित्येक दिवस उभ्यानंच झोपत होती. एका सकाळी ते धापा टाकत दवाखान्यात आले. “साहेब, आडवी झाली!” मी औषधांची पेटी उचलली. पण ते हसत होते. “झोपली, अन आपली आपण उठली बी!” त्यांनी सगळ्या दवाखान्याला चहा पाजला.

पुढे त्यांच्या एकुलत्या मुलीचं लग्न ठरलं आणि जावई निघाला अठ्ठ्याऐंशी किलोचा. व्याही अडून बसले. घोडीवाल्याच्या दारात नवरदेव पायी येणार? मांडवात कुजबुज सुरू झाली. मी त्यांना बाजूला घेतलं. म्हटलं, एकच दिवस, चार पावलं, पोरीच्या सुखाचा प्रश्न आहे. त्यांचे डोळे भरून आले.

“पोरगी देऊन राह्यलो ना साहेब. घोडीचे पाय कसे देऊ?”

ते तसेच नवरदेवापुढे जाऊन हात जोडून उभे राहिले. त्या पोरानं घोडीकडे पाहिलं, खाली वाकून तिचा सुजलेला सांधा पाहिला आणि लगाम धरून पायीच निघाला. व्याही तोंड फुगवून मागे. बँडवाले पुढे पळू लागले तसे घोडीवाले ओरडले, “तिच्या चालीनं चला! घाई असन त मोटारसायकल आणा!”

गेल्या हिवाळ्यात ते गेले. छातीत कळ आली, दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही. तिरडी उचलली तेव्हा मुलीनं गोठ्यातून घोडी सोडली. थंडीनं तिचे मागचे पाय धरलेले होते. ती पाऊल उचले, थांबे, पुन्हा उचले.

“हिले काऊन आणता? उशीर होईन,” मागून कुणीतरी म्हणालं.

मडकं धरून पुढे चालणारा जावई थांबला. वळून म्हणाला, “तिच्या चालीनं चला.”

खांदेकऱ्यांनी पावलं आवरली. तलावाच्या पाळीवरच्या स्मशानापर्यंतची वाट दहा मिनिटांची. त्या दिवशी आम्हाला तास लागला, आणि कुणीही घाई केली नाही.